पिवडी भाजून लाल झाली, तरी चुंबकाला चिकटते. असं का?

शिरपूरची चित्रकला (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी शिरपूरला शाळेत चित्रकला शिकवते. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपर्यंतचा, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

श्रावणात कानबाई देवी बसायच्या आधी घर झाडून-पुसून ओट्याला आणि दाराच्या दोन्ही अंगांना गेरू द्यायचा, हे आमच्या घरी ठरलेलं. पण हल्ली बाजारातून आणलेला गेरू कालवला की पाणी गुलाबी होतं आणि तळाशी पांढरी भुकटी बसते. सासूबाई म्हणाल्या, पिवडी (रंगाची पिवळी माती) आणून भाज, त्यात काय मोठं. म्हणून किराण्याच्या जुन्या दुकानातून पिवडी आणली, वस्त्रगाळ केली आणि मागच्या अंगणात चुलीवर लोखंडी तवा ठेवून परतायला घेतली. खाली पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ.

भुकटी आधी मळकट भगवी झाली, मग कडेकडेनं लाल. वर स्टीलची ताटली धरली तर तिच्यावर पाण्याचे थेंब जमले. भुकटी तर दोन उन्हं खाल्लेली, कोरडी ठक्क होती! रंग मात्र अगदी जुन्या गेरूसारखा आला. इथवर सगळं छान.

दुसरा घाणा टाकताना पुडी कलंडली आणि बरीचशी पिवडी निखाऱ्यांवर सांडली. रात्र झाली होती. वरून राख लोटली आणि विस्तव तसाच झाकून ठेवला. सकाळी राख उपसली तर आत काळेभोर खडे. मुलाकडे जुन्या स्पीकरमधला चुंबक आहे, तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवला तर खडे टपाटप चिकटले. मग मी बाकीचंही तपासलं. कच्ची पिवडी चिकटत नाही. तव्यावर भाजलेली लाल चिकटत नाही.

आता खरी गंमत. ते काळे खडे कुटले आणि त्याच तव्यावर मंद जाळावर परतले. काळेपणा गेला, तांबूस तपकिरी रंग आला. ओली करून कागदावर ओढली तर जरा मळका गेरूच. पण ही तांबूस भुकटी चुंबक सोडायलाच तयार नाही!

एकाच पिवडीतून दोन लाल कसे निघाले? आणि ही दुसरी भिंतीला लावली तर पुढे काळी पडेल का?

नंदुरबारी 

तव्याचं लोखंड खरवडून भुकटीत आलं असेल. उलथनं लोखंडी होतं ना? एवढं डोकं लावायची गरज नाही.

शिरपूरची चित्रकला 

दादा, पहिला घाणाही त्याच तव्यावर, त्याच उलथन्यानं परतला होता. तो चिकटत नाही. शिवाय काळे खडे तव्याला लागायच्या आधीच चिकटत होते.

मफलवाले काका, जळगाव 

ताई, उत्तर चोख दिलंत. कच्ची, लाल, काळी, तपकिरी अशी चारही वेगवेगळी तपासून पाहणं आमच्याकडे एम.एस्सी.ची पोरंसुद्धा सांगितल्याशिवाय करत नसत. माझी सगळी नोकरी कॉलेजच्या रसायन प्रयोगशाळेत मफल भट्टी, म्हणजे नमुने भाजायची बंदिस्त भट्टी, सांभाळण्यात गेली, त्यामुळे हा विषय निघाला की मला राहवत नाही. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी थेंबांचं. पिवडीचा पिवळेपणा गोएथाइट नावाच्या खनिजाचा असतो, बाकी साधी माती. गोएथाइटमध्ये लोहाच्या एका अणूमागे ऑक्सिजनचे दोन आणि हायड्रोजनचा एक. म्हणजे त्यात पाणी पाण्याच्या रूपात नसतंच, त्यामुळे जन्मभर उन्हात वाळवलं तरी ते निघणार नाही. २५० ते ३५० अंश सेल्सिअसच्या आसपास मात्र हे हायड्रोजन आपल्या वाट्याचा ऑक्सिजन घेऊन वाफ होऊन निघून जातात. मागे उरतं ते हेमॅटाइट, लोहाचे दोन आणि ऑक्सिजनचे तीन अणू. तोच तुमचा गेरू. शुद्ध गोएथाइट असेल तर १०० ग्रॅममागे सुमारे १० ग्रॅम वजन घटतं. मुशीचं वजन आधी आणि नंतर घेतलं की ते सरळ दिसतं. तुमच्या ताटलीवर थोडी हवेतली ओल आणि जळणाची वाफही असणार, पण सगळीच नव्हे.

यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की गोएथाइटचे कण सुईसारखे लांबट असतात, आणि पाणी गेल्यावरही सुई सुईच राहते. फक्त ती आतून सच्छिद्र होते. सूक्ष्मदर्शकाखाली, साध्या नव्हे, इलेक्ट्रॉनच्या, तिच्यात बारीक बारीक चिरा दिसतात. आकार मोडत नाही याचं कारण ऑक्सिजनची रचना. बाजारात लिंबांचा ढीग रचतात तसे ऑक्सिजनचे थर एकावर एक बसलेले असतात आणि मधल्या खाचांत लोह असतं. थर रचायच्या दोन तऱ्हा. तिसरा थर बरोबर पहिल्याच्या डोक्यावर यावा ही एक, तिसरा आणखी वेगळ्या जागी सरकून चौथा पहिल्यावर यावा ही दुसरी. गोएथाइट आणि हेमॅटाइट दोघंही पहिल्या तऱ्हेचे. त्यामुळे पाणी निघून गेलं, लोहानं थोड्या जागा बदलल्या, की काम झालं. ढीग मोडून नव्यानं रचावा लागत नाही. म्हणूनच हा बदल तुमच्या तव्यावरसुद्धा होतो.

आता निखाऱ्यातलं. राखेखाली विस्तव झाकला म्हणजे तिथे हवा जेमतेम. कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. पिवडी आधी लाल झाली असणारच, पण मग या वायूनं तिच्यातला थोडा ऑक्सिजन ओढून घेतला. हेमॅटाइटचे तीन एकक आणि कार्बन मोनॉक्साइडचा एक रेणू मिळून मॅग्नेटाइटचे दोन एकक आणि कार्बन डायऑक्साइड, असा हिशेब बसतो. मॅग्नेटाइटमध्ये लोहाच्या तीन अणूंमागे ऑक्सिजन चार. त्या तिघांपैकी एकानं दोन इलेक्ट्रॉन दिलेले असतात, दोघांनी तीन-तीन. इलेक्ट्रॉन यांच्यात सारखे इकडून तिकडे उड्या मारत असतात, म्हणून ते काळंकुट्ट दिसतं आणि वीजही बऱ्यापैकी वाहून नेतं.

चुंबकाचं असं आहे. लोहाचा प्रत्येक अणू स्वतःच लहानसा चुंबक. हेमॅटाइटमध्ये निम्म्यांची तोंडं एकीकडे, निम्म्यांची उलटीकडे, त्यामुळे बेरीज जवळजवळ शून्य. अगदी शून्य नाही, पण स्पीकरच्या चुंबकाला ते कळत नाही. मॅग्नेटाइटमध्ये लोह दोन वेगळ्या प्रकारच्या खाचांत बसतं आणि दोन्हीकडची संख्या सारखी नसते. वजाबाकी करून जे उरतं ते तुमच्या पिशवीला चिकटतं.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न. बारीक मॅग्नेटाइट हवेत मंद भाजलं, म्हणजे २०० ते ३०० अंशांच्या आसपास, तर ते ऑक्सिजन परत घेतं. पण ढीग मोडत नाही! मॅग्नेटाइटची रचना दुसऱ्या तऱ्हेची आहे, ती तशीच राहते. फक्त काही लोह बाहेरच्या बाजूला सरकतं आणि आत काही खाचा रिकाम्या पडतात. हिशेबानं पाहिलं तर लोह दोन, ऑक्सिजन तीन, म्हणजे हेमॅटाइटचंच सूत्र. रचना मात्र मॅग्नेटाइटची, त्यामुळे चुंबकत्व शाबूत. याला मॅगहेमाइट म्हणतात, रंग तांबूस तपकिरी. तेच तुमचं दुसरं लाल. कणांच्या पोटात थोडं काळं मॅग्नेटाइटही शिल्लक असेल, म्हणून मळकट दिसतंय.

तुमच्या घरात जुन्या ऑडिओ कॅसेट असतील तर एखादीची फीत ओढून बघा. तपकिरी, आणि चुंबक जवळ नेला की ओढली जाणारी. तिच्यावरचा लेप मॅगहेमाइटचाच असायचा, आणि कारखान्यात तो करायची एक नेहमीची रीत म्हणजे आधी गोएथाइटच्या सुया बनवायच्या, भाजून त्यांचं हेमॅटाइट करायचं, हायड्रोजनसारख्या वायूत त्याचं मॅग्नेटाइट करायचं, आणि शेवटी हवेत हलकं भाजून मॅगहेमाइट. इतका द्राविडी प्राणायाम कशासाठी? सुईचा लांबट आकार टिकावा म्हणून, कारण लांबट कण चुंबकत्व चांगलं धरून ठेवतात. ताई, तुम्ही पऱ्हाटीच्या चुलीवर याच पायऱ्या याच क्रमानं चढलात.

भिंतीला लावा, काही होत नाही. घरच्या उन्हा-पावसात मॅगहेमाइट काळं पडत नाही. आतलं उरलंसुरलं मॅग्नेटाइट सावकाश तपकिरीच होत जाईल.

एक अडचण मात्र सांगून ठेवतो. आपली चूल काळ्या मातीनं सारवलेली असते, आणि आपली माती बेसॉल्टची. तापीच्या वाळूत चुंबक फिरवला तरी काळी भुकटी गोळा होते, ते टायटॅनियम असलेलं मॅग्नेटाइट, खडकातूनच आलेलं. चुलीचा पोपडा राखेत पडला असेल तर तोही चिकटेल. नुसती राख तपासली होती का?

शिरपूरची चित्रकला 

काका, आत्ता चुलीशी जाऊन आले. राखेतलं कणकण चिकटतं खरं. पण त्या दिवशीचे खडे अख्खे चिकटत होते, आणि फोडल्यावर आतला चुराही. कॅसेटचं वाचून मुलानं कपाटातली भजनांची कॅसेट उघडली आहे. सासूबाईंना अजून कळलेलं नाही.

आता त्या तपकिरीचा चांगला लाल गेरू करता येईल का?

मफलवाले काका, जळगाव 

मग खडे खरे.

करता येईल, पण तव्याचा जाळ पुरणार नाही. मॅगहेमाइटचं हेमॅटाइट व्हायचं तर इथे ढीग खरंच मोडून नव्यानं रचावा लागतो. साधारण ४०० ते ६०० अंश लागतात. कण किती बारीक आणि लोहाच्या जागी ॲल्युमिनियम किती घुसलंय यावर ते खालीवर होतं, आणि मातीतल्या खनिजात ॲल्युमिनियम असतंच. कुंभाराच्या आव्यात जागा मागा. उघड्या तोंडाच्या पसरट मातीच्या परळात पातळ थर द्या, झाकू नका, नाहीतर पुन्हा काळं काढाल. आणि चुंबक थंड झाल्यावरच लावा. मॅग्नेटाइट ५८० अंशांच्या वर गेलं की त्याचं चुंबकत्व तेवढ्यापुरतं जातं आणि निवल्यावर परत येतं. गरम भुकटी चिकटली नाही म्हणून नाचायचं नाही.

भट्टीवाला, गिरणाकाठ 

राम राम काका. आमना धंदा विटास्ना. मराठीत लिहितो, नाहीतर शिरपूरच्या मॅडम हसतील.

वीट फोडली की कधी कधी मधोमध काळा पट्टा आणि बाहेरून लाल. गिऱ्हाईक म्हणतं माल खराब. आणि जास्त आच लागली की खंगर, काळी, काचेसारखी, एकमेकींना चिकटलेली. पूर्वी जळणात पऱ्हाटीच असायची, आता दगडी कोळसा, भुसा, जे मिळेल ते. मातीत दीपनगरच्या वीजकेंद्राची राखही कालवतो. हे काळं पण तुमचं मॅग्नेटाइटच का?

आणि दुसरं. नदीचा पोयटा घेतला तर वीट लाल येते, पण चुनखडीची माती आली की वीट पिवळट निघते. लोह तर दोन्हीत असणार ना? मग ते गेलं कुठे?

मफलवाले काका, जळगाव 

भाऊ, मधल्या काळ्या पट्ट्याचा मुख्य धनी न जळलेला कार्बन. मातीत काडीकचरा, मुळं, शेण असतं, राखेत थोडा कोळसाही राहिलेला असतो. बाहेरून वीट लवकर तापली आणि कड आवळली की आत हवा पोचत नाही. आतला ऑक्सिजन कार्बनच खाऊन टाकतो, लोहाला काही उरत नाही. ते दोन इलेक्ट्रॉनवाल्या अवस्थेत अडकून बसतं. आच सावकाश चढवली, सुरुवातीला कार्बन जळून जायला वेळ दिला, तर पट्टा कमी होतो. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

खंगरचं कारण थोडं वेगळं. त्या अवस्थेतलं लोह मातीतल्या सिलिकेला लवकर वितळवतं. लाल अवस्थेतलं लोह तेवढं वितळवत नाही. म्हणून जिथे जळण दाटीनं भरलेलं आणि हवा कमी, तिथेच विटा आधी काळ्या पडतात आणि काच धरतात. खंगरमधलं बरंचसं लोह त्या काचेतच विरघळलेलं असतं, थोडं मॅग्नेटाइटचे कण होऊन बसतं.

चुनखडीचं म्हणाल तर साधारण ८५० ते ९०० अंशांच्या पुढे चुना, वाळू आणि माती मिळून कॅल्शियमची नवी सिलिकेटं तयार होतात आणि लोह त्यांच्या पोटात जातं. हेमॅटाइट व्हायला ते उरतच नाही, मग लाल कुठून येणार? आणि मातीत चुनखडीचे खडे राहिले असतील तर पावसात वीट फुटते, कारण भाजलेला चुना पाणी पिऊन फुगतो. ती तक्रार तर तुमच्याकडे येतच असेल.

शहादा वाचनालय 

विषय निघालाच आहे तर आपल्या दारातलं उदाहरण. प्रकाशे इथे, तापी-गोमाईच्या संगमावर, १९५५ मध्ये उत्खनन झालं होतं. तिथे काळी-तांबडी म्हणतात तशी भांडी मिळाली. आतून आणि काठाला काळी, बाहेरून लाल. चाळीसगावकडे गिरणेकाठी बहाळला आणि टेकवाड्यालाही. भांडं पालथं घालून आत भुसा-गवत भरून भाजायचे, असं त्याचं स्पष्टीकरण वाचलंय. म्हणजे एकाच भांड्यात एकाच वेळी आत हवा नाही आणि बाहेर हवा आहे. ताईंची चूल आणि तवा एकाच गाडग्यात! अजिंठ्याच्या भिंतींवरचा लाल आणि पिवळासुद्धा गेरू-पिवडीचाच ना काका?

मफलवाले काका, जळगाव 

अजिंठ्याचं हो. लाल आणि पिवळा दोन्ही मातीचे रंग, म्हणून तर इतकी शतकं टिकले. निळा तेवढा लाजवर्द नावाच्या निळ्या दगडाचा, तो बाहेरून आलेला.

भांड्यांचं तत्त्व बरोबर आहे, फक्त त्या काळ्याचं श्रेय सगळं लोहाला देऊ नका. भुशाचा धूर मातीच्या छिद्रांत कार्बन भरून ठेवतो, आणि काळा रंग बराचसा त्याचा. खापर हवेत पुन्हा भाजलं की कार्बन जळून जातो आणि लोह लाल होतं, त्यामुळे नुसत्या रंगावरून दोघांत फरक करता येत नाही. वस्तुसंग्रहालयातल्या खापरावर हा प्रयोग करू नका म्हणजे झालं.

शिरपूरची चित्रकला 

काका, परळ आव्यात ठेवून आणला. कुंभारदादा आधी हसले, मग स्वतःच चुंबक मागून घेतला. वरच्या अंगाची भुकटी लालभडक, आणि चुंबक तिला ओळखसुद्धा दाखवत नाही. पण तळाशी, जिथे परळ निखाऱ्याला टेकला होता, तिथे रंग जांभळट आलाय, वांग्याच्या सालीकडे झुकणारा. तोही चिकटत नाही. हे आता तिसरं काय?

मफलवाले काका, जळगाव 

तिसरं काही नाही, तेही हेमॅटाइटच. मघाशी सांगितलेल्या सच्छिद्र सुया आठवतात ना? आच वाढली की त्या चिरा बुजतात, शेजारचे कण एकमेकांत मिसळून मोठे होतात. हेमॅटाइटचा कण जितका बारीक तितका रंग नारिंगीकडे, मध्यम असेल तर लाल, आणि मोठा झाला की जांभळट. खनिज तेच, कणाचा आकार बदलला. मफलमध्ये आम्ही एकाच पिवडीचे चार भाग ४००, ६००, ८०० आणि १००० अंशांना भाजून कागदावर ओळीनं चिकटवायचो. ते बघून चित्रकलेची माणसं आमच्याकडे चहाला येऊ लागली होती. ओट्याला लाल हवा असेल तर पुढच्या वेळी परळ कडेला ठेवा. जांभळट टाकू नका, पोरांना रंगवायला द्या.

एक महत्त्वाचं राहिलं. दुकानात पिवडी म्हणून जे मिळतं ते सगळं मातीच असतं असं नाही. भाजताना उग्र वास आला किंवा हवेत परतूनही भुकटी लाल व्हायच्या ऐवजी काळपट झाली तर त्यात रंग मिसळलेला आहे, ती फेकून द्या. काही पिवळ्या रंगांत शिसं असतं, तो धूर पोरांच्या नाकात जायला नको. बिनओळखीची पुडी शाळेत भाजू नका.

भट्टीवाला, गिरणाकाठ 

काका, खंगर चुंबकाला धरते. बघून आलो. पण पक्क्या लाल विटेचा चुराही थोडा धरतो. हेमॅटाइट तर धरत नाही म्हणालात!

मफलवाले काका, जळगाव 

कच्च्या विटेची माती तपासलीत का आधी?

भट्टीवाला, गिरणाकाठ 

कच्चीबी धरस काका. गिरणानी काळी वाळू शे तिनामा.